पाणथळ जागांसाठी जनजागृती: नेमकी कोणाची आणि कशासाठी?

एका जलाशयाच्या काठी असलेल्या गावातील शिक्षकांनी विचारले आहे की, त्यांची शाळा दरवर्षी २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन साजरा करते, मुलांची प्रभातफेरी निघते, चित्रकला स्पर्धा आणि व्याख्यान होते, तरीही काठावरचा कचरा, बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी आणि पाण्याच्या कडेपर्यंत येणारी नांगरट यांत काहीच फरक पडलेला नाही. हिवाळी बदके मात्र कमी होत चालली आहेत. जनजागृतीत नेमके काय उणे राहते, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते आपली फेरी वाया गेलेली नाही. परंतु ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांच्या हातात त्या पाण्याविषयीचा एकही निर्णय नाही. पाणथळ जागेचे भवितव्य ठरवणारी माणसे प्रत्येक ठिकाणी मोजकी असतात आणि बहुधा सर्वांच्या ओळखीची असतात. कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचे पाणी, सोडणारे शाखा अभियंता व कालवा निरीक्षक, मासेमारीचा ठेका घेतलेली मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था, पाणी उतरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेणारे शेतकरी, काठची माती उचलणारे वीटभट्टीवाले, गुरे घेऊन येणारे गुराखी, वरच्या अंगाच्या गावाचे सांडपाणी ओढ्यात सोडणारी नगरपालिका आणि जमिनीची नोंद ठेवणारे तलाठी एवढी यादी केली की आपल्या जलाशयाचे खरे कारभारी कागदावर येतात. यांपैकी कोणीही आपल्या व्याख्यानाला आला नसेल, तर तो दोष त्यांचा मानू नये. आपण त्यांच्या कामाविषयी काही बोलणार आहोत, असे त्यांना वाटण्याजोगे आपल्या निमंत्रणात काही नव्हते. शिवाय व्याख्यान सकाळी दहाला असते. त्या वेळी मच्छीमार बाजारात असतो आणि शेतकरी रानात.

जागृतीचा पहिला टप्पा म्हणून मी तरी पक्ष्यांची चित्रे छापत नाही. पाण्याची कुंडली आधी मांडावी. जलाशय कोणी बांधला, कशासाठी बांधला, पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, काठची जमीन कोणाच्या नावे आहे, मासेमारीचा ठेका कोणाकडे आणि कधीपर्यंत आहे, ही माहिती अनेक गावांत निसर्गप्रेमींनाच नसते. ती नसेल तर आपण चुकीच्या कचेरीचे उंबरठे झिजवत बसतो. कायद्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी भराव, अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि शिकार यांना मनाई केली आहे, असे आपण मोठ्या विश्वासाने सांगतो. ते खरेही आहे. पण त्याच नियमांनी नदीचे पात्र, भातशेते आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम निर्माण केलेले जलसाठे व्याख्येतून वगळले आहेत. महाराष्ट्रात ज्या पाण्यावर हजारो पक्षी उतरतात त्यांतील बहुतेक पाणी सिंचनासाठी अडवलेले आहे, हे ध्यानात घेतले की या अपवादाचे गांभीर्य कळते. उपग्रहचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात नोंदलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वे लागू ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये दिला आणि पुढे डिसेंबर २०२४मध्ये नव्या नकाशासंग्रहातील २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष स्थळपडताळणी करण्यास राज्यांना सांगितले. आपला जलाशय या यादीत आहे की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. यादीत नसला तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा कोठेही लागू होतो, आणि जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. या समितीची लोक जैवविविधता नोंदवही बऱ्याच ठिकाणी एखाद्या संस्थेने घाईने भरून दिलेली असते. ती काढून पाहावी. जलाशयातील मासे, पाणवनस्पती आणि पक्षी यांचे पान कोरे असेल, तर शाळेसाठी एवढे चांगले काम दुसरे नाही.

आता पाण्याच्या पातळीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण पक्ष्यांचे सर्वाधिक हित तिच्याशी जोडलेले असते आणि जनजागृतीच्या कार्यक्रमांत तिचे नावही निघत नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, तो गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांना पाणी देण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्यात नव्हता. बंधाऱ्यामागे दशकानुदशके गाळ साचत गेला, उथळ पाणी, दलदल, पाणगवताची बेटे आणि काठची झाडी असे मिश्र रूप तयार झाले आणि पाणी साठवण्याच्या दृष्टीने जे नुकसान होते तेच पक्ष्यांना लाभले. १९८६मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२०मध्ये त्याचे नाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आल्या.

तेथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचा, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी हे एकाच सकाळी दिसतात, याचे कारण पाण्याची खोली जागोजागी वेगळी आहे. डोके बुडवून चरणाऱ्या बदकांना वीतभर ते हातभर पाणी लागते. शेकाट्या आणि तुतारी यांसारख्या चिखलपक्ष्यांना त्याहूनही कमी, म्हणजे घोट्याइतके. बुडी मारणाऱ्या बदकांना मात्र खोल पाणी हवे. जलाशय काठोकाठ भरलेला असला की नवख्या माणसाला तो समृद्ध वाटतो, पण निम्म्या पक्ष्यांसाठी तो उपाशी ठेवणारा असतो. उलट एका आवर्तनात पाणी झपाट्याने उतरवले तर कडेचा ओलसर पट्टा वाळून जातो आणि त्यातील किडे-गोगलगायींवर जगणारे पक्षी दुसरीकडे निघून जातात. उन्हाळ्यात प्रश्न आणखी बिकट होतो. नदी सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूत किंवा सुकलेल्या गाळात अंडी घालतात. वरच्या धरणातून अचानक पाणी सोडले की ती बेटे काही तासांत पाण्याखाली जातात. पाणी फार आटले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री व गुरे थेट घरट्यांपर्यंत पोहोचतात. नदी सुरय आज जागतिक पातळीवर असुरक्षित गणला जातो, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

हे सगळे कोणाला सांगायचे? कालवा निरीक्षकांना. आवर्तन थांबवा असे सांगितले तर ते ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये, कारण खाली शेतकरी पाण्याची वाट पाहत असतो. परंतु पाणी सोडण्याची तारीख आधी कळवणे, शक्य तेथे विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि घरट्यांची बेटे कोठे आहेत याचा साधा नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावू देणे, एवढे त्यांच्या अधिकारात बसते. माझा अनुभव असा की कनिष्ठ कर्मचारी अशा गोष्टींना बहुधा अनुकूल असतात, कारण रोज पाण्याकाठी हिंडताना त्यांनी पक्षी पाहिलेले असतात. त्यांना विचारणारा कोणी भेटलेला नसतो, इतकेच. गोव्यात केपे तालुक्यातील नंदा तळे हे २०२२चे रामसर स्थळ आहे, जेमतेम ४२ हेक्टरांचे. पाण्याची दारे बंद करून तेथे साठा केला जातो, त्यावर खालच्या शेतकऱ्यांची भातशेती चालते, मासेमारीही होते आणि पक्षीही राहतात. तेथील पाणथळ जागेचे सर्व स्वरूप दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे या एका गावकी निर्णयावर उभे आहे. अशा ठिकाणी दार चालवणाऱ्या माणसाशी झालेले अर्ध्या तासाचे संभाषण शंभर भित्तिपत्रकांहून अधिक उपयोगी पडते.

दुसरा गट मच्छीमारांचा. यांच्याशी बोलताना बहुतेक निसर्गप्रेमी पहिल्याच वाक्यात बिघाड करतात, कारण ते त्यांना आरोपी समजून बोलतात. वास्तविक पाणथळ जागा खराब झाल्याची सर्वात आधी झळ मच्छीमारालाच लागते. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांचा, म्हणजे तेथील लोकांच्या बोलण्यातील मामा तलावांचा, अनुभव येथे फार बोलका आहे. कोहळी समाजाच्या कसबातून उभ्या राहिलेल्या या तलावांवर धीवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तलावांत बेशरमाचे, म्हणजे झपाट्याने पसरणाऱ्या एका परक्या झुडपाचे, रान माजले, बाहेरून आणलेल्या माशांचे बीज सोडले जाऊ लागले, पाणवनस्पती नाहीशा झाल्या, तसे देशी मासेही घटले. स्थानिक अभ्यासक आणि धीवर स्त्रिया यांनी मिळून काही तलावांतील बेशरम उपटले, उन्हाळ्यात तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, काही जाती न पकडण्याचे ठरवले. वनस्पती रुजल्या तशी माशांना अंडी घालायला व लपायला जागा मिळाली, आणि पाठोपाठ पक्षीही आले. या कामात पक्षी हा विषय कोणी पुढे रेटला नव्हता. बोलणे मासळीचे होते. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे त्या स्त्रियांना कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक माहीत होते, म्हणजे जागृती या शब्दाला आपण जी एकेरी दिशा देतो ती तेथे उलटली होती.

आपल्या जलाशयावर मच्छीमार संस्थेशी बोलण्यासारखे विषय तसे ठरलेले आहेत. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्ले जातात आणि पुढच्या वर्षीचे उत्पन्न आजच संपते. पावसाच्या पहिल्या लोंढ्यांबरोबर वर चढणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, त्यांना तेवढे दिवस सोडले तर फायदा संस्थेचाच आहे. फाटलेली नायलॉनची जाळी पाण्यात टाकून दिली की ती पुढे कित्येक वर्षे मासे, कासवे आणि बुडी मारणारे पाणकावळे यांना अडकवत राहते. यासाठी उपदेश करण्याऐवजी जुनी जाळी जमा करण्याची एक जागा ठरवून द्यावी. चिलापीसारखा आगंतुक मासा जलाशयात आधीच असेल तर तो काढणे कठीण असते, पण नवे परके बीज न सोडण्याविषयी संस्थेचा ठराव घेता येतो.

तिसरा गट गाळपेर करणाऱ्यांचा, आणि हा सर्वात नाजूक आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ही सुपीक जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि तीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. ज्या माणसाची जमीन धरणात गेली त्याच माणसाला शहरातून आलेला दुर्बीणधारी पक्ष्यांसाठी ती सोडायला सांगतो तेव्हा जे ऐकावे लागते, ते न्याय्यच असते. येथे मागणी मर्यादित ठेवावी. पाण्याच्या कडेचा काही हातांचा पट्टा न नांगरता सोडणे, त्या पट्ट्याजवळ कीटकनाशक न फवारणे आणि रिकाम्या बाटल्या व पाकिटे पाण्यात न धुणे, एवढ्यावर बोलणी होऊ शकतात. गाळपेर जमीन भाडेपट्ट्याने देताना घातलेल्या अटी कार्यालयातून मिळवून त्या वाचून दाखवल्या तर रासायनिक शेतीविषयी वेगळे भाषण करावे लागत नाही.

शेतकऱ्याच्या सहभागाचे महाराष्ट्रातील सर्वात प्रसिद्ध उदाहरण सारस क्रौंचाचे आहे. राज्यातून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात उरला आहे. तो तलावाच्या कडेला आणि भाताच्या बांधीतही घरटे करतो. गवत-काडीचा मोठा ढीग रचतो, साधारणपणे दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. धानाचे शेत पक्ष्याने व्यापले की थोडे पीक वाया जाते. गोंदियात स्थानिक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन घरटे असलेल्या शेतकऱ्यांशी नाते जोडले, शेतकऱ्यांनाच घरट्याचे राखणदार केले, विद्यार्थ्यांना व गावकऱ्यांना घेऊन पहाटेच्या गणना केल्या. पक्ष्याविषयी भीती किंवा राग न राहता ज्याच्या शेतात सारस आहे त्याला मान मिळू लागला. जनजागृती म्हणून हे काम मला आदर्श वाटते. तरीही सारसांची संख्या तेथे अत्यंत तोकडीच राहिली, आणि याची कारणे शेतकऱ्याच्या मनात शोधून सापडत नाहीत. शेतांवरून जाणाऱ्या वीजवाहिन्यांना धडकून हे जड पक्षी मरतात, तलावांवर अतिक्रमण होते, शेतात विषारी फवारणी होते. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा तारांविषयी प्रशासन हलू लागले. गावातील प्रत्येक माणूस जागा झाला तरी वीजतारेवर पक्षीसूचक, म्हणजे पक्ष्यांना तार दिसावी म्हणूनच्या खुणा, लावण्याचे काम वीज कंपनीलाच करावे लागते. म्हणून आपल्या कार्यक्रमाच्या अपेक्षा ठरवताना कोणता धोका गावाच्या हातात आहे आणि कोणता नाही, याची दोन वेगळी टिपणे करावीत. दुसऱ्या टिपणातील गोष्टींसाठी गावाला दोष देऊ नये. त्यांच्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि गरज पडल्यास न्यायालय हाच मार्ग असतो.

शिकारीबाबत देशात जे बदल घडले आहेत त्यांत एक समान धागा मला दिसतो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात २०१२मध्ये अमूर ससाणे प्रचंड संख्येने जाळ्यांत पकडले जात असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी पांग्ती आणि शेजारच्या गावांनी आपल्या ग्रामपरिषदांत बंदी केली आणि २०१३च्या हंगामात जाळी लागली नाहीत. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठचे मंगलाजोडी हे शिकाऱ्यांचे गाव म्हणून कुप्रसिद्ध होते. तेथे २०००च्या सुमारास जुन्या शिकाऱ्यांचीच पक्षी सुरक्षा समिती झाली, देवीच्या नावाने शपथा घेतल्या गेल्या आणि ज्यांना पक्ष्यांची प्रत्येक लपण माहीत होती तेच पर्यटकांच्या नावा वल्हवू लागले. आसाममध्ये कामरूप जिल्ह्यातील दादरा, पचरिया या गावांत हरगिला, म्हणजे मोठा गरुड करकोचा, घाणेरडा व अपशकुनी मानला जाई आणि घरटी असलेली खाजगी झाडे तोडली जात. डॉ. पूर्णिमादेवी बर्मन यांनी तेथील स्त्रियांना एकत्र आणले. गर्भवती स्त्रीचे डोहाळे पुरवण्याच्या तेथील सोहळ्यासारखाच सोहळा त्यांनी करकोच्याच्या वीणकाळात सुरू केला आणि स्त्रिया आपल्या मागावर हरगिलाची नक्षी विणू लागल्या. २०१०च्या सुमारास तेथे २८ घरटी होती, ती पुढील बारा वर्षांत २५०च्या वर गेली. या तिन्ही ठिकाणी बाहेरच्या माणसांनी माहिती, पैसा आणि दबाव पुरवला हे खरे. परंतु बंदीचा शब्द निघाला तो गावाच्या स्वतःच्या तोंडून, गावाच्या स्वतःच्या व्यासपीठावर आणि गावाला परिचित असलेल्या विधीतून. आपल्याकडे ते व्यासपीठ ग्रामसभेचे आहे, हरिनाम सप्ताहाचे आहे आणि महिला बचत गटाच्या बैठकीचे आहे. सप्ताहातील कीर्तनकाराशी आधी बोलून ठेवले तर तो जलचरांविषयी जे सांगेल ते आपल्या पाहुण्या व्याख्यात्यापेक्षा गाव अधिक लक्ष देऊन ऐकेल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण जागृती यशस्वी झाली की नवाच उपद्रव सुरू होतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या परिसरात रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी आता हिवाळ्यात गर्दी उसळते आणि नाव चालवणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना त्यातून चांगला आधार मिळतो. हे स्वागतार्हच आहे. पण उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून नाव थव्यात घुसवायला सांगणारे आणि त्यासाठी वरचे पैसे देणारे पाहुणेही असतात. उथळ पाण्यात चरणारा रोहित दिवसाचा मोठा भाग चोचीने गाळून खाण्यात घालवतो. त्याला पुन्हा पुन्हा उडवले की त्याची ऊर्जा खर्च होते आणि खाणे बुडते. नावाड्यांच्या संघटनेने अंतराचा नियम स्वतः केला आणि तो मोडायला सांगणाऱ्या पाहुण्याला नकार देण्याचे बळ एकमेकांना दिले, तरच हे थांबते. एकट्या नावाड्याला नकार परवडत नाही. घरट्याचे छायाचित्र व ठिकाण समाजमाध्यमांवर न टाकणे आणि ड्रोन न उडवणे, हे नियम फलकावर पहिल्या ओळीत असावेत. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी खाऊ घालण्याची जी हौस आता बऱ्याच पाण्यांवर बोकाळली आहे, तिचाही येथेच समाचार घ्यावा. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे आणि ते खाऊ घालण्यात पुण्यही नाही.

काही गोष्टी मात्र गावातील प्रत्येकाला, अगदी लहान मुलालाही, माहीत असाव्यात आणि येथे शाळेचे महत्त्व निर्विवाद आहे. विष कालवलेले दाणे, फासे किंवा रात्रीची जाळी दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पक्षी मोठ्या संख्येने मेलेले दिसले तर हात न लावता त्याच दिवशी वनविभाग आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना खबर द्यावी. नोव्हेंबर २०१९मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर बोट्युलिझममुळे १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. या रोगात मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात विष तयार होते, त्यावर वाढणाऱ्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि मरतात, म्हणून मृत पक्षी लवकर उचलणे हाच मोठा उपाय असतो. काठावर सर्वात आधी पोहोचणारा माणूस अधिकारी नसतो. तो गुराखी असतो किंवा शाळेला निघालेला मुलगा असतो, आणि त्याला कोणाला फोन करायचा हे माहीत असणे हीच तेथे खरी जागृती.

शाळेसाठी मी सुचवीन ते काम फेरीपेक्षा कमी देखणे आहे. पाण्यात एक खुणेची पट्टी रोवून मुलांनी दर आठवड्याला पातळी नोंदवावी. त्याच दिवशी ठरलेल्या तीन-चार जागांवरून पक्षी मोजावेत, आणि सर्व जाती ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. चांदवा, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, कमळपक्षी अशा दहा-बारा सहज ओळखू येणाऱ्या पक्ष्यांची शिस्तीने केलेली मोजणी ही शंभर जातींच्या एका दिवसाच्या यादीहून अधिक मोलाची असते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. आपल्या जलाशयाचे आकडे तिच्यात जायला लागले की तो जलाशय गावाबाहेरच्या नोंदीतही येतो. दोन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की आपल्याला कळेल की बदके खरोखर कमी झाली आहेत, की पाणी लवकर उतरल्यामुळे शेजारच्या तलावावर गेली आहेत. या दोन निदानांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून नोंदी नसताना केलेल्या कोणत्याही तक्रारीवर अधिकारी शंका घेतात आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही.

कार्यक्रमाचे यश उपस्थितांच्या संख्येवर मोजण्याची सवयही सोडावी. वर्षाअखेर विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत: मच्छीमार संस्थेने आसाविषयी ठराव केला का, किती गाळपेरधारकांनी कडेचा पट्टा सोडला, आवर्तनाची तारीख आधी कळली का, वरच्या गावाच्या सांडपाण्याविषयीच्या अर्जाला उत्तर आले का. यांतील एकाचेही उत्तर होकारार्थी आले तरी त्या वर्षाचे काम झाले असे मी मानतो. चारही एकाच वर्षी जमवण्याची घाई केली तर कार्यकर्ते थकतात आणि गाव सावध होते.

वेळापत्रकाविषयी शेवटचे. पाणथळ दिन २ फेब्रुवारीला असतो, पण ग्रामसभा त्याच्या आठवडाभर आधी, २६ जानेवारीला भरते. मुलांनी जानेवारीच्या गणनेचे आकडे त्या सभेत वाचून दाखवावेत आणि मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष व कालवा निरीक्षक यांना त्याच सभेला बोलवावे. ठराव झाला तर त्याची प्रत जलसंपदा विभाग, वनविभागाचे परिक्षेत्र कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांना पाठवून पोच घ्यावी. गाळपेर जमिनीचे वाटप पावसाळा संपल्यावर ठरते, तेव्हा कडेच्या पट्ट्याची अट घालून घ्यायची असेल तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत थांबू नये. १५ ऑगस्टच्या सभेतच तो विषय घेऊन त्याचा अर्ज शाखा अभियंत्यांच्या कार्यालयात पोहोचलेला असावा.